न फिरवल्यामुळे

पाच आठवडे पुण्याला राहून नोव्हेंबरच्या शेवटी हिरोशिमाला परतले, बॅग दारातच ठेवली आणि आधी खाली गाडीकडे गेले. गाडीवरचं कापड दवानं जड झालं होतं. ते ओढून काढलं, आत बसले, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं, तिसऱ्यांदा पेटलं आणि लगेच बोनेटखालून आवाज सुरू झाला. टिक टिक टिक टिक, कुणी स्टीलच्या वाटीवर चमचा भरभर वाजवावा तसा. गियर टाकून क्लच सोडला तर गाडी जागची हलेना. मागचं एक चाक धरून बसलं होतं. सीटमागच्या गालिच्यावर हात ठेवला तर तळवा ओला.

आजी आम्हा मुलांना जेवताना कोडं घालायची. घोडा का अडला? भाकरी का करपली? विड्याचं पान का सडलं? तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर द्यायचं. त्या सकाळी ओला हात स्वेटरला पुसताना ते उत्तर आपसूक तोंडात आलं. न फिरवल्यामुळे.

माझी गाडी 1990 सालची युनोस रोडस्टर. बाहेरचं जग तिला माझदा एमएक्स-5 किंवा मियाटा म्हणून ओळखतं. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली आणि सप्टेंबरपासून जपानमध्ये युनोस या नावानं विकली जाऊ लागली. दोन माणसांपुरती जागा, डोक्यावर टांग्यासारखा कापडी टप, 1,597 सीसीचं इंजिन, 120 अश्वशक्ती आणि वजन फक्त 940 किलो. अशा उघड्या, हलक्या गाड्या एके काळी इंग्लंडची मिरास होती. 1980 मध्ये तिथल्या एमजी कंपनीच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याला कुलूप लागलं, तोवर ती जातच संपत आली होती. बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकारानं 1979 मध्ये माझदाच्या यामामोतो केनइची यांच्याकडे तसली गाडी पुन्हा बनवा असा आग्रह धरला. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले आणि दहा वर्षांनी ती गाडी रस्त्यावर आली. इतकी वर्षं एखादी कल्पना मनात जपून ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

प्रकल्पाचे प्रमुख हिराई तोशिहिको यांनी सगळ्या कामाच्या मुळाशी एक जुना शब्द ठेवला होता: जिनबा इत्ताई. स्वार आणि घोडा एकजीव. याबुसामेमध्ये, म्हणजे धावत्या घोड्यावरून बाण मारण्याच्या विद्येत, दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले असतात आणि लगाम सुटलेला असतो. घोड्याला काय सांगायचं ते गुडघ्यांनी आणि बैठकीनं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, याला आपल्याकडे दोन अक्षरं पुरतात. मांड. मांड पक्की असली की घोड्याची पाठ आणि स्वाराची कंबर यांच्यात हवासुद्धा शिरत नाही. रोडस्टरमध्ये बसलं की हे शरीराला आधी कळतं, डोक्याला नंतर. सीट जमिनीला लागून. गियरचा दांडा बोटभर हलवला की पडतो, कारण तो थेट गियरबॉक्समध्ये उतरलेला आहे. गियरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका लांब अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीनं जखडलेले आहेत, त्यामुळे पाय दाबला की ताकद कुठे न रेंगाळता चाकापर्यंत जाते. वळणावर गाडीचं मागचं अंग काय करतंय ते कमरेला समजतं.

पुण्यात आमच्या घरी बाबांची चेतक होती. घोड्याचं नाव घेतलेली स्कूटर. दर रविवारी ते अंगणात वर्तमानपत्र पसरून बसत आणि मी शेजारी उकिडवी. प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, पात्यानं गॅप बघायचा. पाना मागायला त्यांनी हात पुढे केला की बोलायच्या आत मी योग्य नंबरचा पाना ठेवत असे. त्या वेळी ते काम वाटत नव्हतं. बाबांच्या जवळ बसण्याची ती एक रीत होती.

इथे माझ्या गॅरेजवाल्यांना मी शाचो-सान म्हणते. छोट्या धंद्याच्या मालकाला सगळेच तसं म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, हात अजून स्थिर. काम शिकायचंय म्हटल्यावर त्यांनी गॅरेजचा मागचा कोपरा मला रविवारी वापरायला दिला आणि तेव्हापासून त्यांनी माझ्या हातातून पाना एकदाही काढून घेतलेला नाही. चाक अडलेली गाडी ओढून त्यांच्याकडे नेली तेव्हा ते आधी काही बोलले नाहीत. कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, "आवाजाला घाबरू नका. तिला तेल प्यायला वेळ द्या."

टॅपेटचा तो आवाज खरोखर तेवढाच होता. या इंजिनाला 16 वाल्व्ह आहेत आणि प्रत्येकावर तेलाच्या दाबानं भरून राहणारी एक छोटी वाटी आहे, कॅम आणि वाल्व्ह यांच्यातली फट मिटवून धरणारी. गाडी उभी राहिली की वाट्यांमधलं तेल उतरतं आणि लोखंड लोखंडावर वाजू लागतं. चांगलं तेल घालून वीसेक मिनिटं फिरवलं की एकेक वाटी भरते, एकेक टिकटिक गळते आणि शेवटी नुसतं इंजिन ऐकू येतं. चाकाचं कारणही साधं. जाताना हँडब्रेक ओढून गेले होते आणि दमट हवेत ब्रेकचा पॅड डिस्कला गंजून चिकटला. रबरी हातोडीच्या चार फटक्यांत सुटला. आता उभी करताना मी पहिल्या गियरमध्ये ठेवते आणि चाकाखाली ठोकळा लावते.

ओल्या गालिच्याचं मात्र मनाला लागलं. टपावर पडलेलं पाणी मागे एका पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून खाली मागच्या चाकाच्या पुढ्यात उतरतं. ही नळी तुंबली की पाणी आत वळतं, दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून खायला लागतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत चाळण झालेली असते. या गाडीचा खरा वैरी हा. इंजिनं टिकतात, पत्रे जातात.

सीट पुढे सरकवून, गालिचा उचलून, बॅटरीच्या उजेडात मी नळीचं तोंड शोधलं. त्यात गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी हलक्या हातानं सोडली. जोर लावायचा नाही. खालच्या टोकाला झडप असते, धसमुसळेपणा केला तर नळीच निसटते. दोरी अडली, मी ती चिमटीत फिरवत राहिले, आणि अचानक खालून पचकन काळं पाणी आलं. त्यात मॅपलच्या पानाचं देठ होतं, पाइनच्या सुया होत्या, आणि कुजून तपकिरी पडलेल्या साकुराच्या पाकळ्यांचा लगदा होता. वसंतापासूनचं सगळं वर्ष त्या बोटभर नळीत बसलेलं. मी पेल्यापेल्यानं पाणी ओतत गेले आणि शाचो-सान गाडीखाली पाहत राहिले. "अजून काळं. अजून. आता चहासारखं. आता स्वच्छ."

पत्रा वाचला होता की नाही, ते शाकेनच्या दिवशी कळणार होतं. शाकेन म्हणजे दर दोन वर्षांची सरकारी तपासणी. बहुतेक लोक गॅरेजवर सोपवतात. स्वतः गाडी घेऊन गेलं तरी चालतं, मी जाते. रोलरवर चाकं चढवून ब्रेक पाहतात, ताशी 40 किलोमीटरला काटा खरं बोलतो का ते पाहतात, दिव्यांचा झोत मोजतात. शेवटी गाडी खड्ड्यावर नेतात आणि खाली उभा असलेला तपासनीस लांब दांड्याच्या हातोडीनं एकेक जोड ठोकत जातो. माठ घेताना बायका टिचकी मारून कान लावतात ना, तसं. दाराखालच्या पत्र्याशी हातोडी आली तेव्हा माझा श्वास अडकला. टण्. दुसरीकडे टण्. खणखणीत. 13 वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाडीला इथे मोटार-कर साधारण 15 टक्के जास्त पडतो. जुनी गाडी सांभाळणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं असं माझं प्रामाणिक मत आहे, पण त्या आवाजापुढे तो कर मी आनंदानं भरला.

एक दुखणं आधीपासूनचं होतं. इंजिनाच्या मागच्या अंगाला तेल पाझरायचं. पूर्वी एका गॅरेजनं सांगितलं होतं की क्रँकचं मागचं सील गेलंय, गियरबॉक्स उतरवावा लागेल. आकडा ऐकून मी गप्प परत आले होते. शाचो-साननी त्या तेलाची वाट खालून वर शोधली. पांढरा टिश्यू घेतला, हेडच्या मागे, इंजिन आणि केबिनची भिंत यांच्या सांदीत हात घातला आणि टिश्यू माझ्यासमोर धरला. मधासारखा डाग. "तेल खाली सापडतं," ते म्हणाले, "पण येतं वरून." तिथे कॅमच्या फिरण्यावरून ठिणगीची वेळ ठरवणारा एक सेन्सर बसतो. त्याच्या गळ्यात एक रबरी ओ-रिंग असते. काही शे येनची.

त्या सांदीत डोळे पोचत नाहीत. सेन्सर कुठल्या कोनात बसलाय त्याची आधी पांढऱ्या रंगानं रेघ मारून घेतली, कारण तो केसभर फिरला तरी ठिणगीची वेळ बदलते. मग आरसा धरून बारा नंबरचा बोल्ट पाहिला आणि आरसा बाजूला ठेवून बोटांनीच काम केलं. सेन्सर बाहेर आला. जुनी रिंग बोटावर घेतली तर रबर कुठे उरलं होतं! कडक, चपटी, वाकवताच काचेच्या बांगडीसारखी तुटली. नवीला तेलाचं बोट लावलं, बसवली, रेघेला रेघ जुळवली.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. इंजिन गरम करून, तपासणीच्या डबीतल्या दोन टर्मिनलमध्ये तारेचा तुकडा अडकवून, फेरे मिनिटाला 850 वर ठेवून पुलीवर टायमिंग लाइट धरायचा. पहिल्या सिलिंडरची ठिणगी आणि दिव्याची उघडझाप एकाच क्षणी होते, म्हणून गरगर फिरणारी पुली डोळ्यांना थांबलेली दिसते. तिच्यावरची खाच थरथरत एका जागी उभी राहते. पिस्टन पूर्ण वर पोचायच्या 10 अंश आधी ठिणगी पडायला हवी. माझी खाच दोन अंश पुढे होती. सेन्सर हलकेच फिरवला, खाच सरकली आणि दहाच्या आकड्यासमोर येऊन उभी राहिली. तेवढ्या मिनिटात गॅरेजमध्ये कुणी बोललं नाही.

माझदानं 2017 च्या शेवटी या पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याचं काम स्वतःच हाती घेतलं. टप, लाकडी स्टिअरिंग, अगदी त्या काळच्या नक्षीचे टायरसुद्धा पुन्हा बनवले. अशा गाडीच्या मालकाला कारखान्यानं दिलेला याहून मोठा दिलासा मी पाहिलेला नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे मी टप उघडला. आधी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन सोडायची, खिडकी सपाट निजवायची, मगच टप मागे टाकायचा. थंडीत घाई केली तर प्लास्टिकला घडी पडते आणि तिथेच ते तडकतं. हीटर पूर्ण, मानेला मफलर. पाय ऊबेत आणि कान गारठ्यात. कुरेपर्यंत समुद्राच्या कडेनं आले, पुढे कावाजिरीपाशी आकिनादा पूल ओलांडला आणि बेटांवर उतरले. तोबिशिमा काइदो म्हणतात या वाटेला. पुलापुलांनी बेटं ओवलेली. खाली कालवांचे तराफे. खाडीचा तो खारट, चिखलट वास आला आणि क्षणभर वाटलं, पुढच्या वळणावर कोकणातली तर उभी असेल. वर डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या संत्र्यांच्या बागा, झाडं फळांनी पिवळी. दुसऱ्या गियरमधून तिसऱ्यात, पुन्हा दुसऱ्यात. वळणाच्या आत नजर टाकावी आणि गाडी आपोआप तिकडे निघावी. टिकटिक कुठे थांबली ते कळलंही नाही.

जपानी नो नाट्याच्या मुखवट्यावरचे भाव उजेडाबरोबर बदलतात. या गाडीला अंतिम रूप देणाऱ्या तानाका शुन्जी यांच्या मनात तेच मुखवटे होते. मितारायच्या धक्क्यावर गाडी उभी करून लांब जाऊन पाहिलं. सूर्य नुकता डोंगरावर आला होता आणि निळ्या बोनेटवरून उजेड सरकत होता. कोवळा होता तोवर गाडी शांत दिसली, मग जणू काही बोलणार अशी. या बंदरात एके काळी गलबतं भरतीची आणि वाऱ्याची वाट पाहत थांबायची.

रस्त्याकडेला माणूस नसलेल्या फळीवर संत्र्यांची पिशवी होती, शेजारी पैशांचा डबा. 100 येनचं नाणं टाकलं. परत येऊन बोनेट उघडला, खिशातला पांढरा टिश्यू काढला आणि हेडमागच्या गरम सांदीत हात घातला. बोट पूर्ण फिरवून टिश्यू बाहेर काढला, उन्हात धरला. कोरडा. त्यातच मग संत्र्याची सालं गुंडाळली.