रिपोर्ट राहू दे, हाताकडे बघ

सांगली

चि. सौ. मीनल हिस,


शशीने तुझ्या एमआरआयच्या कागदाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘रात्रभर रडत होती.’ फोनवर तू घरच्यांसमोर धड बोलणार नाहीस, म्हणून पत्रच लिहिते आहे. मान खाली घालून वाचू नकोस, कागद डोळ्यांसमोर धर.

पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी सरकून उजव्या बाजूच्या नसेवर आली आहे, एवढंच त्या कागदात लिहिलंय. मानेत मणके सात. पहिल्या दोघांमध्ये गादी नसतेच, त्याखाली प्रत्येक जोडीत एक असते. बाहेर चिवट कडं, आत मऊ गर. वयाप्रमाणे गरातलं पाणी कमी होतं, कडं कुठेतरी चिरतं आणि गर बाहेर येतो. मानेत हे सगळ्यात जास्त घडतं ते पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये. तुझी वरची गादी, माझी त्याखालची. म्हणून तुझा अंगठा आणि तर्जनी बधिर होते, माझं मधलं बोट. तुझ्या चिमटीतून सुई निसटते, मला जड दार ढकलताना कोपरात जोर येत नाही. दुखणं मानेतलं, पण कळ उठते खांद्याच्या पात्याशी आणि दंडात. खांद्याला इतकं मलम चोळूनही तुला उतार पडला नाही तो त्यामुळेच.

डॉक्टरांनी डोकं दुखऱ्या बाजूला कलवून वरून दाबलं आणि तू कळवळलीस, याचा शशीला राग आलाय. त्याला सांग, ती नस दबली आहे का हे पाहायची जुनी तपासणी आहे, स्पर्लिंग नावाच्या अमेरिकन सर्जनने १९४४ साली लिहून ठेवलेली. घरी मात्र कोणी करून बघू नये.

रिपोर्टातल्या ‘झीज’ आणि ‘हर्निएशन’ या शब्दांनी तू खचली आहेस. १९९० साली अमेरिकेत मानेचा काहीही त्रास नसलेल्या ६३ लोकांचे एमआरआय काढले, तर चाळिशीपुढच्यांपैकी २८ टक्के लोकांच्या मानेत काही ना काही दोष सापडला. दुखत मात्र त्यांचं काहीच नव्हतं. तेव्हा कागदावर जे छापून येतं ते सगळं तुझ्या नशिबी आलं असं नाही. बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा हळूहळू शोषून घेतं, आणि बहुतेकांचा हात काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, ऑपरेशनशिवाय मोकळा होतो. माझ्यासारख्या थोड्यांचं मागे उरतं. मी ते तुझ्यापासून लपवणार नाही, पण आजच माझ्या रांगेत येऊन बसू नकोस.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. रात्री हात ठणकायला लागला की पंजा डोक्यावर ठेवून पड. हात वर गेला की नसेवरचा ताण सैल होतो आणि कळ ओसरते. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, एका रात्री हात आपसूक तिथे गेला. पुढे डॉक्टरांनीच विचारलं, ‘हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटतं का?’ निदानाची तीही एक खूण आहे. पण आपल्या घरात डोक्याला हात लावून बसलेलं चालत नाही. ऐन दिवाळीत, चकल्यांचा घाणा चालू असताना मी तशी बसले, तर आई म्हणाली, ‘ऊठ, सणासुदीचं असं बसू नये.’ तिला शेजारी बसवून सगळं समजावलं. आता रात्री मी तशी पडले की तीच कोपराखाली उशी सरकवते.

आता तुझ्या शिलाई मशीनबद्दल. डोकं साधारण पाच किलोचं असतं. मान सरळ असेतोवर ते तोललेलं राहतं. पुढे झुकलं की मागच्या स्नायूंनी ते ओढून धरायचं आणि गाद्यांवरचा दाब वाढायचा. गळ्याला पायपिंग लावताना तुझं नाक सुईपर्यंत गेलेलं मी पाहिलंय. मशीन लाकडी ठोकळ्यांवर उंच कर, दिवा सुईवर पाड. हुक आणि काजं मांडीवर घेऊन करू नकोस, उंच टेबलावर कोपरं टेकवून कर. मी दहावीचे पेपर उतरत्या फळीवर तपासते, पूर्वी दिवाणजींची मेजं असत तशा, आणि अर्ध्या तासाने उठतेच. लग्नसराईत दोन गिऱ्हाइकं परत गेली तरी चालतील. मानेचा पट्टा थोडे दिवस ठीक, महिनोन् महिने लावलास तर स्नायू दुबळे होतात. हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून समोरासमोर शिकून घे. पोटावर झोपू नकोस. नसांच्या गोळ्यांनी गुंगी येते, तरी त्या मनानेच एकदम बंद करू नकोस. आणि शशीला निक्षून सांग, दाढीनंतर सलूनमध्ये कडाकडा मान मोडून घ्यायची सवय आता पुरे. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्याने फाटू शकते. तुझी मान तर कुणा मालिशवाल्याच्या हाती द्यायचीच नाही.

या दुखण्यात मला सगळ्यात जास्त शिणवलं ते लोकांना पटवून देण्याने. प्लास्टर नाही, टाके नाहीत, ताप नाही. हसतमुखाने हळदीकुंकवाला गेलं तर ‘बरी दिसतेस की’ आणि नाही गेलं तर ‘हिचं नेहमीचंच.’ यावर मला एकच उपाय लागू पडला. ‘मान दुखते’ म्हणणं मी सोडलं. ‘आज मी कुकर उचलणार नाही’, ‘आज स्कूटरवर मागे बसणार नाही, खड्ड्यांनी हात भरून येतो’, असं कामाच्या भाषेत सांगते. दुखणं किती आहे याचा वाद मग उरत नाही, कुकर कोणीतरी उचलतं. तूही तसंच सांग, आणि सांगताना माफी मागू नकोस. बाईने कण्हत का होईना सगळं उरकावं, ही अपेक्षा मला मुळीच मान्य नाही.

दुखण्याशी मी जुळवून घेतलंय. हातातली शक्ती जात असेल तर तिच्याशी मात्र जुळवून घ्यायचं नाही. रोज सकाळी उजव्या हाताने ब्लाउजची हुकं लावून बघ. कालच्यापेक्षा चिमूट सैल वाटली तर थांबू नकोस. दोन्ही हात अवघडल्यासारखे झाले, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर दाब नसेवर नाही, मज्जारज्जूवर आहे असं समज आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. अशा वेळी ऑपरेशनला भिऊन बसणं धोक्याचं. गळ्याच्या बाजूने शिरून गादी काढायची आणि दोन मणके जोडायचे, हे ऑपरेशन १९५०च्या दशकापासून होत आलंय.

शुक्रवारच्या तपासणीत चिमटीची ताकद नीट बघून कागदावर लिहून द्यायला सांग. डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘दुखतंय’ असं नको, ‘सुई धरता येत नाही’ असं सांग. मी गुरुवारी रात्री नाशिकला पोचते. स्वयंपाक करून ठेवू नकोस.

तुझी,
ताई