लोंढा, ओघ आणि बाहेरून आलेले



मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाईंना पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे. पहिलं पान आणि आपल्या लातूर जिल्ह्याचं पान, बस्स. त्या ऐकता ऐकता मध्येच अडवतात. एकदा मुंबईच्या बातमीत 'परप्रांतीयांचे लोंढे' असं आलं. त्या म्हणाल्या, "लोंढा पाण्याचा असतो की गं. माणसांचा कुठला?"

खरंच आहे. पावसाळ्यात आमच्या तिरू नदीला येतो तो लोंढा. त्याला कुणी 'का आलास बाबा' असं विचारत नाही. लोक गुरं सोडतात आणि बाजूला होतात. माणसांना लोंढा म्हटलं की तेच होतं. का आले, कुठून आले, मागे काय ठेवून आले, हे विचारायचं राहून जातं. किती आले एवढंच उरतं. तेव्हापासून मला हा नादच लागला आहे. पेपरात गाव सोडून गेलेल्या माणसाला काय म्हटलं आहे ते मी आधी बघते.

आपल्या मराठवाड्याला तर हे शब्द दोन्हीकडून लागू पडतात. १९७२ च्या दुष्काळात इथली घरंच्या घरं पुण्या-मुंबईला गेली. २०१६ चा उन्हाळा तर तुम्हालाही आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेच वर्ष. तेव्हा आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यातली कितीतरी कुटुंबं घाटकोपरच्या मैदानात पाल ठोकून राहिली होती. पेपरांनी त्यांना दुष्काळग्रस्त म्हटलं. मुंबईच्या लोकांनी धान्य दिलं, पाणी दिलं. दुष्काळग्रस्त या शब्दाच्या पोटातच कारण आहे, तो ऐकला की हात आपोआप डब्याकडे जातो. पण हीच माणसं पाऊस पडल्यावरही तिथंच राहिली असती, नाक्यावर काम शोधत उभी राहिली असती, तर त्यांना कोणता शब्द मिळाला असता? माणूस तोच, गरज तीच. शब्दातलं कारण तेवढं गळून पडलं असतं.

२०२० च्या मे महिन्यात हे आमच्या उंबरठ्यावर आलं. मुलगा पुण्यात नोकरीला. खोलीचं भाडं चालू, मेस बंद. पास काढून तो जळकोटला आला आणि गावाबाहेरच्या शाळेत चौदा दिवस राहिला. मी सूर्यास्ताच्या आत डबा न्यायची, फाटकाशी ठेवायची आणि दहा पावलं मागं सरायची. तो येऊन डबा उचलायचा. आम्ही लांबूनच बोलायचो, तेही फार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेपरात तालुक्याचा आकडा आला, 'बाहेरून आलेले' इतके. त्या आकड्यात आमचं पोरगं होतं. सासूबाईंनी मला ती ओळ परत वाचायला लावली. मग म्हणाल्या, "ज्याची नाळ ह्या घरच्या मातीत पुरली, तो बाहेरून आलेला?"

मोजणी गरजेची होती, ते मला मान्य आहे. रोग माणसांबरोबरच फिरत होता आणि तहसीलच्या लोकांनी त्या उन्हात जीव धोक्यात घालून काम केलं. पण 'घरी परतलेले' असंही मोजता आलं असतं. आकडा तोच राहिला असता. गल्लीतल्या दोन घरांनी आमच्याकडचं दूध बंद केलं, ते कदाचित केलं नसतं. कदाचित केलंही असतं.

त्याच महिन्यात, ८ मे च्या पहाटे, करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर गेले. मध्य प्रदेशची माणसं. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात कामाला होती, भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळांच्या कडेनं चालत निघाली होती. थकून रुळांवरच झोपली. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. दुसऱ्या दिवशी पेपरांत त्यांची गावं आली, घरची माणसं आली. तोवर चालणारे सगळे 'हजारो मजूर' होते आणि त्यांच्या चालण्याला शब्द होता 'पलायन'. आपले साधू-साध्वी अनवाणी चालतात त्याला विहार म्हणतात. वारकरी चालतात ती दिंडी. घराकडे चालत निघालेल्या माणसाला मात्र पळून जाणारा ठरवायचं. तो कुणाचं काय घेऊन पळाला होता?

नाव छापलं म्हणजे न्याय झाला, असंही नाही हं. १९६० च्या दशकात 'मार्मिक' साप्ताहिकात मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दक्षिणी माणसांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या. वर मथळा 'वाचा आणि थंड बसा'. मराठी पोरांना नोकऱ्या मिळत नव्हत्या, तो राग खोटा नव्हता. पण त्या यादीत नाव होतं, कारण नव्हतं. कोण शिकून आला, कोण परीक्षा देऊन लागला, कोणाच्या पगारावर गावाकडची पाच माणसं जगतात, यातलं काही नाही. नुसतं आडनाव वाचून माणूस परका ठरत होता.

आमच्या आडनावालाही हे माहीत आहे. सासरचे पणजोबा मारवाडातून आले. चौथी पिढी इथं कापूस-तुरीच्या भावावर जगते आणि घरात सगळ्यांची बोली मराठवाडीच आहे. तरी कुठं काही बिनसलं की 'मारवाडी' हा एक शब्द पुरतो. सावकारीत काही जणांनी लोकांना नाडलं, ते आपल्याच माणसांनी नाकारू नये. पण त्यासाठी वेगळा शब्द आहे ना, सावकार! तो वापरा.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं १०४ भारतीयांना लष्करी विमानानं अमृतसरला आणून सोडलं, त्यात महाराष्ट्रातलेही काही होते. हातापायांत बेड्या. आपल्याला वाईट वाटलं, वाटायलाच हवं. बातम्यांत एजंटाला दिलेले पैसे, विकलेली शेती, सगळं आलं. कारण आलं! पूर्वेकडची सीमा ओलांडून आलेल्याला मात्र पेपर एका शब्दात उरकतो, घुसखोर. कायदा दोघांनीही मोडला असेल. पण एकाची शेती आपल्याला कळते, दुसऱ्याची कळत नाही.

प्रतिक्रमणात आपण अठरा पापस्थानं म्हणतो. त्यात अभ्याख्यान आहे, पैशुन्य आहे, परपरिवाद आहे. पाठ असल्यामुळे भराभर म्हणून होतात. पण मोठ्यानं पेपर वाचताना ते शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडतात, म्हणून भाषा समिती तिथंही पाळावीशी वाटते. मी आता लोंढे आले असं असेल तिथं 'माणसं आली' वाचते. सासूबाई लगेच ओळखतात आणि विचारतात, "खरं काय छापलंय?" मग तेही सांगते.

आमच्या मागच्या गल्लीतली एक जोडी दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जाते. त्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई किंवा एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. उचल घेतात तीही कोयत्यावर. आपले पेपर निदान ऊसतोड कामगार लिहितात. जाताना ती घराची किल्ली माझ्याकडे ठेवते आणि भाकरी बांधायला जुने पेपर मागून नेते. यंदा त्यांची टोळी कर्नाटकात गेली आहे, बेळगावच्या बाजूला. पेपरांची चळत उचलताना तिनं विचारलं, "तिकडच्या पेपरात आमाला काय म्हणत असतील ओ ताई?"

मला कन्नड वाचता येत नाही.