बर्फाच्या माणसाला कोट घालावा का?

इथे इंग्लंडमध्ये माझ्या मुलीने शाळेतून एक व्यंगचित्र आणलं. बर्फाच्या माणसाभोवती तीन मुलं. एक म्हणतो, कोट घातला तर तो वितळेल. दुसरी म्हणते, उलट गार राहील. तिसऱ्याच्या मते काहीच फरक पडणार नाही. उत्तर मात्र कुठेच छापलेलं नाही!

ब्रेंडा कीओ आणि स्टुअर्ट नेलर यांनी १९९१ मध्ये ही 'कन्सेप्ट कार्टून्स' सुरू केली. चूक झालीच तर ती चित्रातल्या मुलाची, त्यामुळे बुजरं मूलही बोलू लागतं. मत दिलं की कारण द्यावं लागतं, आणि मग ते तपासावंसं वाटतं.

आमच्याकडे वाद रंगला. पुण्याहून आलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवत."

"पण कशावरून, आजी?"

दोन पिशव्यांत बर्फाचे सारखे खडे घेतले. एक पिशवी लोकरी मोज्यात ठेवली. अर्ध्या तासाने मोज्यातला खडा मोठा उरला होता. कोट स्वतः ऊब देत नाही. उष्णतेची ये-जा फक्त मंद करतो. आपल्याला मिळणारी ऊब आपल्याच अंगाची.

'मोठ्यांना उलट विचारू नये' हे ऐकत आपण वाढलो. पण ते 'कशावरून' मला उद्धट वाटलं नाही. विज्ञान तिथेच सुरू होतं. शिवाय ते अस्सल मराठीत विचारलं होतं! मुलांनी पुढचा प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी "तुला काय वाटतं?" एवढं जरूर विचारून बघा.