दीड ग्रॅमचा माग

रोह्याजवळच्या एका दगडखाणीत पहिल्यांदा नमुना घ्यायला गेलो, तेव्हा हातोड्याच्या पहिल्या घावाला निघालेली ढलपी मी पिशवीत टाकली. खाणीतल्या एका कामगाराने ती बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली. "साहेब, ही नुसती साल. दगड आत आहे." मग त्याने घणाने गोटा फोडला. वर कांद्यासारखे तपकिरी पापुद्रे, नखाने निघतील असे. आत निळसर काळा कातळ, कडा बोट कापतील इतक्या धारदार.

त्या सालीतला आणि गाभ्यातला फरक मोजणे हेच पुढे माझे काम झाले. मी जर्मेनियमचा माग काढतो. हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अशा टनभर बेसाल्टात जर्मेनियम असते दीड ग्रॅमच्या आसपास, तेही सिलिकॉनच्या जागी बेमालूम बसलेले. पावसाने दगड कुजायला लागला की जोडी फुटते. सिलिकॉन बराचसा नदीला लागतो. जर्मेनियम चिकणमातीत आणि लोहाच्या तांबड्या गंजात मागे राहते. त्यातही गंज हलक्या अणूंना जास्त धरतो, जड अणू पाण्याबरोबर पुढे सरकतात. ७४ आणि ७० भाराच्या अणूंचे गुणोत्तर ठरलेल्या प्रमाण-द्रावणाशी ताडून पाहिले, तर बेसाल्टात ते दर हजारी जेमतेम अर्ध्याने जास्त भरते, समुद्राच्या पाण्यात मात्र सुमारे ३ ने. या अडीचच्या फरकात डोंगर झिजल्याची नोंद असते.

एवढासा फरक हाताच्या एका चुकीने पुसला जातो. सुरुवातीला मी दगडाची पूड हायड्रोक्लोरिक आम्लात घालून तापवली होती. जर्मेनियमचे क्लोराइड ८६ अंशांच्या आसपास उकळते. माझा नमुना धुराड्यातून निघून गेला. मेंडेलीव्हने १८७१ साली, हे मूलद्रव्य कुणी पाहिलेही नव्हते तेव्हा, त्याचे क्लोराइड १०० अंशांच्या आतच उकळेल असे लिहून ठेवले होते. रसायनशास्त्रज्ञ विंक्लरला ते १८८६ साली सापडले. माझा नमुना उडाला तेव्हापासून मी नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक वापरतो, आणि झाकण घट्ट असल्याची दोनदा खात्री करतो.

पण खरी कसोटी कुंडलिका नदीच्या काठावर लागते. भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात सुटणारे पाणी मुळशी धरणाचे. घाटमाथ्यावर अडवले नसते तर ते मुळा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेले असते. म्हणजे उन्हाळ्यात रोह्याला भरलेल्या बाटलीत घाटापलीकडच्या मावळाचा दगड विरघळलेला असतो. जुलैत त्याच जागी भरलेल्या बाटलीत कोकणातल्या डोंगरांचे पाणी मिसळते. दोन्हींवर 'कुंडलिका, रोहा' एवढेच लिहिले, तर पुढचे सगळे गणित फसवे. शिवाय कोळशाच्या राखेत जर्मेनियम असते, म्हणून मी धाटावच्या कारखान्यांच्या वरच्या अंगाला पाणी घेतो.

पेणकडच्या खारेपाटातही तेच. धरमतरच्या खाडीत कोळशाचे बार्ज येतात, म्हणून चिखलाचा वरचा थर मी वेगळा ठेवतो आणि ओहोटीला नळी ठोकून खालचा जुना गाळ काढतो. नळीतून सरकन बाहेर येणारा तो करडा, गार चिखल मला फार आवडतो. पेणच्या कारखान्यांत मूर्तिकार शाडू भिजवून मळतात, बोटाला खडा लागला की तिथेच थांबून काढून टाकतात. मीही गाळ चाळण्याआधी बोटांनी चाचपतो. शिंपल्याचा तुकडा, मुळाची काडी, विटेचा कण यंत्राला ओळखता येत नाहीत.

या नदीवर काम करायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे एकच सांगणे आहे. बाटलीवर तारीख लिहाल, वेळही लिहाल. त्याखाली भिऱ्याहून पाणी सुटले होते की नाही, तेही लिहा.