माळवद

धारवाडहून अळणावर-कलघटगीकडे निघालं की उतरती कौलारू घरं लागतात. नवलगुंदच्या वाटेला लागलं की सपाट मातीची माळवदं. मलनाडचा पाऊस आणि काळ्या रानाची कोरड यांच्या सीमेवर आमचं गाव, आणि शुक्रवारपेठेतल्या आमच्या घरानं दोन्हींचं मन राखलेलं. पुढचा सोपा आणि माजघर माळवदाखाली, मागचं स्वयंपाकघर नि न्हाणी मंगळुरी कौलांखाली. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती लाल कौलं सगळीकडे पोचली. आमच्याकडे ती मागच्या दारानं आली आणि मागेच राहिली.

गायिका गंगूबाई हनगल याच पेठेत १९१३ साली जन्मल्या. त्यांचं घर सरकारनं डागडुजी करून स्मारक केलं. आमच्या घरात कुणी थोर माणूस जन्मल्याचं ऐकिवात नाही, त्यामुळे डागडुजी आमची आम्हालाच करायची होती.

वळवाच्या एका पावसात माजघरात धार लागली आणि भावकी जमली. बहुमत स्लॅबच्या बाजूनं. धाकट्या चुलतभावानं किल्लारीचं नाव काढलं, तेव्हा मीही गप्प झालो. १९९३ च्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडे माणसं मेली ती बरीचशी अशाच जड माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण माळवद जड होतं त्याला कारण असतं. दर उन्हाळ्यात वर नवी माती पडते, जुनी काढायला कुणी जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत राहतात.

म्हणून आधी उतरवायचं ठरलं. गवंडी अज्जा नवलगुंदकडचे, माळवदाचं काम हाती असलेले. मजुरांनी वरची माती खणायला घेतली तेव्हा थरांमधून काय काय निघालं: फुटक्या कौलांचे तुकडे, कोळसा, कुणाचा तरी गोटा. त्याखाली लिंबाचा कुजका पाला, त्याखाली फळ्या, मग कडीपाट आणि शेवटी सागाच्या तुळया. तुळया ठणठणीत होत्या. अज्जांनी हातोडीच्या दांड्यानं एकेक वाजवून पाहिली आणि मान हलवली. कुजली होती फक्त पन्हळीजवळची एक, जिथं पाणी थांबत होतं.

घराचा भार भिंतींवर नाही, हे मला तेव्हा उमगलं. भिंतीलगत, काही ठिकाणी भिंतीच्या पोटातच, लाकडी खांब उभे आहेत आणि तुळया त्यांच्यावर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि जुनी माणसं घर मोजायची ती खणांत. भिंत थंडाव्यासाठी आणि आडोशासाठी. अर्थात खांब मजबूत म्हणून भिंत पडली तरी चालेल असं नव्हे. खाली माणूस झोपलेला असतो.

माती निवडताना अज्जांनी मला दोन दिवस फिरवलं. शेतातली काळी माती चालत नाही, ती उन्हात भेगाळते. हवी पांढरी, खारवट, पाण्यानं फुगून छिद्रं बुजवणारी. एका पडक्या वस्तीच्या कडेला त्यांनी मूठभर घेतली, गोळा वळला, डबक्यात टाकला आणि बिडी संपेपर्यंत बघत बसले. गोळा विरघळला नाही. “हं, ही चालतेरी,” एवढंच म्हणाले.

मधल्या काळात पुतणीकडे क्वालालंपूरला जाणं झालं. तिथं एक जुनं मलय घर पाहिलं. मूळचं केदा राज्यातल्या एका गावप्रमुखाचं. मलेशियाच्या वारसा संस्थेनं ते सुटं करून राजधानीत आणून पुन्हा उभं केलं. घर खांबांवर, जमिनीपासून चांगलं उंच. खालून वारा, वर चढाचं छप्पर, भिंतीला खिडक्याच खिडक्या. त्या घरांत लाकूड लाकडात बसवून खुंट्या मारायची रीत आहे, म्हणून ती सोडवता येतात. खेड्यात शेजारीपाजारी जमून अख्खं घर खांद्यावर उचलून दुसरीकडे नेत, असंही तिथल्या मार्गदर्शकानं सांगितलं. पुढे पाहुण्यांची पडवी, म्हणजे सेरांबी, मध्ये मुख्य घर आणि मागे स्वयंपाकघर. मांडणी इतकी ओळखीची, की पुतणीला मी आमचा सोपा कुठं नि माजघर कुठं ते दाखवत सुटलो.

फरक हवेचा. तिथं दमट उष्मा, म्हणून घर जितकं पातळ आणि पोकळ तितकं बरं. आमच्याकडे चैत्रातलं ऊन, म्हणून घर जाड आणि डोळे मिटलेलं. उजेडाला फक्त छतातली बेळकिंडी, तीही पावसात झाकायची. त्यांच्या घराला संग्रहालयात जाता येतं. आमचं खणून काढलं की हाती ढिगारा. ते राखायचं तर जागेवरच, तेही दर मृगाच्या आधी.

परतल्यावर भावकीशी तडजोड झाली. माती निम्मीच घालायची, फळ्यांवर प्लास्टिकचा जाड कागद अंथरायचा, कुजलेली तुळई बदलायची. प्लास्टिकवरून अज्जा नाराज. लाकूड घुसमटेल, म्हणाले. मला त्यांचंच पटत होतं, पण चुलतभावाचा निम्मा खर्च होता. शेवटी सोप्यावर कागद नाही आणि माजघरावर आहे, असं केलं.

दोन पावसाळे गेले. सोपा अजून गळलेला नाही. माजघरही नाही. अज्जांचा मुलगा हुबळीत टाइल्सची कामं करतो, त्यामुळे यंदा माळवदावरचं गवत उपटायला मीच शिडी लावली. चुलतभाऊ खालून शिडी धरून उभा होता आणि स्लॅबचा दर सांगत होता.