येणे बाकी

मुलगी जर्मनीत नोकरीला असल्याने निवृत्तीनंतर दोन महिने तिच्याकडे राहण्याचा योग आला. एके दिवशी ट्राममध्ये माझी पिशवी एका वृद्ध बाईंना लागली. मुलीने पाठ करून घेतलेला शब्द मी कसाबसा उच्चारला, 'एन्टशुल्डिगुंग'. बाई हसून म्हणाल्या, 'माख्ट निश्ट्स.'

घरी आल्यावर मुलीने अर्थ उलगडून सांगितला. 'माख्ट निश्ट्स' म्हणजे आपले 'काही बिघडलं नाही'. सलगीत 'काइन प्रोब्लेम' चालते. समोरचा फारच ओशाळला असेल तर 'शोन गूट', म्हणजे 'असू दे, झालं ते झालं'. मला अधिक भावला तो क्षमा मागण्याचा शब्द. त्यातील 'शुल्ड' म्हणजे दोष आणि कर्जही; 'एन्ट' म्हणजे त्यातून सोडवणे. महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसाला हा हिशेब लगेच उमगला. क्षमा मागणारा बाकी माफ करण्याचा अर्ज करतो आणि 'माख्ट निश्ट्स' ही त्याची पावती.

आपल्या सीमाभागातही या पावत्या रोज फाटतात. बेळगाव-निपाणी बसमध्ये पायावर पाय पडला, की मराठी माणूस 'असू दे की' म्हणतो, कानडी माणूस 'परवागिल्ल' किंवा 'इरली बिडी'. निपाणीकराला बिडी म्हटल्यावर वेगळेच आठवेल. पण येथे 'इरली' म्हणजे असू दे आणि 'बिडी' म्हणजे सोडा. 'परवागिल्ल'मधील परवा तर आपलीच पर्वा, दोन्ही भाषांत फारसीतून आलेली. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. बसमधील हा व्यवहार मात्र जागच्या जागी चुकता होत राहिला.

मी स्वतः एकदा ही पावती दिली नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. तंबाखू पिकवणारे एक वृद्ध शेतकरी भर पावसात कचेरीत आले. त्यांच्या छत्रीचे पाणी माझ्या नोंदवहीवर ओघळले आणि शाई पसरली. 'चुकलं साहेब,' ते हात जोडून म्हणाले. तेही मराठी, मीही मराठी; पण एक शब्द न बोलता मी वही ओढून घेतली. ते तसेच उभे राहिले. अखेर आमचा कानडी शिपाई पुढे झाला, 'इरली बिडी, अज्जा' म्हणत त्याने टेबल पुसले. तेव्हा कुठे त्यांचे जोडलेले हात सुटले.

पुढे मी पुष्कळ थकबाकी वसूल केली. ही एक बाकी तशीच राहिली, आणि ती त्यांच्याकडून येणे नव्हती, माझ्याकडून देणे होती, हे कळायला ट्राममधल्या त्या बाई भेटाव्या लागल्या. हल्ली बसमध्ये कुणाचा धक्का लागला, तर त्याने तोंड उघडण्याआधीच मी 'असू दे' म्हणतो. त्या अज्जांपर्यंत ते पोहोचत नाही, हे ठाऊक असूनही.