काळ्या भुईतून तोफेच्या वाटेने

वाशीमहून मंगरूळपीरकडे निघालो. आदल्या दिवशीच्या पावसाने काळी भुई फुगली होती. रस्त्यालगत शेततळ्याचं काम चाललं होतं. तिथला ट्रॅक्टर चाकं अर्धी बुडेपर्यंत रुतलेला. त्याच चिखलात पोकलेन मात्र निर्धास्त फिरत होतं. त्याचं वजन ट्रॅक्टरच्या कितीतरी पट, पण दोन रुंद पट्ट्यांवर पसरलेलं.

ही युक्ती शेतातलीच. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत जमिनीत यंत्रांची चाकं रुतत, म्हणून बेंजामिन होल्टने १९०४ मध्ये वाफेच्या ट्रॅक्टरला मागच्या चाकांऐवजी लाकडी फळ्यांचे पट्टे बसवले. पहिल्या महायुद्धात होल्टचे ट्रॅक्टर ब्रिटिशांच्या अवजड तोफा ओढू लागले. पुढे रशियात चेल्याबिन्स्कचा ‘स्टालिनेत्स-६५’ हा पट्ट्यांचा ट्रॅक्टर सामुदायिक शेतात नांगर ओढी. हिटलरशी युद्ध पेटलं आणि या ट्रॅक्टरमागे तोफा जुंपल्या गेल्या. चाल फार संथ, पण ओढ जबर.

आपल्या वऱ्हाडात हे काम बैलांनी केलं. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, आणि त्याच अकोल्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याशी भिडली. मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या तशी इंग्रजांकडचे तोफांचे बैल बुजले, हाकणाऱ्यांना आवरेनात, आणि आधी आसईच्या लढाईत धैर्याने लढलेल्या पलटणीही त्या गोंधळात मागे पळाल्या. वेलस्लीने स्वतः त्यांना सावरलं. पुढच्याच महिन्यात गाविलगड किल्ला घेण्यासाठी डोंगरात वाट फोडून सैनिकांनी अवजड तोफा हातांनी ओढून नेल्या. लढाया सेनापतींच्या नावावर जमा होतात. ओढणाऱ्यांची, मग ती जनावरं असोत की माणसं, इतिहासात नोंद फार थोडी. मला हा मोठा अन्याय वाटतो.

मानोरा ओलांडून पोहरादेवीला पोचलो. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांच्या समाधीपाशी भाविकांची गर्दी होती. बंजाऱ्यांचे तांडे पूर्वी लदेणीच्या बैलांवर धान्य आणि मीठ वाहत. मोगलांपासून इंग्रजांपर्यंत फौजा त्यांच्याच धान्यावर जगल्या. बोजा थेट बैलाच्या पाठीवर, चाकाचा प्रश्नच नाही. गाडीवाट नसलेल्या मुलखातूनही तांडा पुढे जाई. रेल्वे आणि पक्के रस्ते आले तशी लदेणी संपली आणि माणसं शेतीकडे वळली. इथल्या तांड्यांभोवती आता कापूस, तूर आणि सोयाबीन उभं आहे.